नर्सिंग सोडून मृत्यू तपासात
आयसीयूतली नर्सिंगची नोकरी सोडून डेथ इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे मृत्यू कसा झाला याचा तपास करणारी, झाले तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न, जिवंत माणसं सोडून हे कशाला? पण माझ्यासाठी मेलेला माणूस अजूनही पेशंटच आहे, फक्त बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी नीट बघायला हवं. नर्सिंगचं काहीच वाया जात नाही, उलट त्याच्या घरात शिरल्या शिरल्या नजर औषधांकडे जाते, बाटलीवरची तारीख बघायची, गोळ्या मोजायच्या, रक्त पातळ करायचं औषध चालू होतं का बघायचं, कारण तसं असेल तर साध्या पडण्यानेही डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो आणि मग सगळे ज्याला नैसर्गिक मृत्यू म्हणत होते तो अपघात ठरतो.

नवीन शिकावं लागलं ते शरीर वाचणं. मृत्यूनंतर रक्त खाली साकळून पडलेले डाग साधारण ८ ते १२ तासांत पक्के होतात, म्हणजे माणूस पालथा सापडला आणि पक्के डाग पाठीवर असतील तर नंतर कुणीतरी त्याला हलवलंय. आणि लगेच हात नाही लावायचा, आधी फोटो! नर्सचा हात आपोआप पुढे जातो, तो आवरायला वेळ लागतो.

अमेरिकेत एबीएमडीआय ही डेथ इन्व्हेस्टिगेटरना सर्टिफिकेट देणारी संस्था आहे, तिच्या पहिल्या सर्टिफिकेशनला ६४० तासांचा अनुभव लागतो, त्यामुळे आधी नोकरी, मग परीक्षा.

सगळ्यात अवघड नातेवाईकांशी बोलणं. "त्रास झाला का हो?" हे विचारतातच, आणि माहीत नसेल तर मी तसंच सांगते, खोटा दिलासा देत नाही, पण त्यांच्याजवळ बसते.