चालणाऱ्याचा सिटी सर्व्हे नंबर

गावाच्या विकास आराखड्यावर हरकत घ्यायच्या छापील नमुन्यातला रकाना क्रमांक चार: 'बाधित मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर', म्हणजे आराखड्यात जी जागा जाते तिचा सरकारी नकाशातला क्रमांक. या एका ओळीने माझे सोळा दिवस खाल्ले. हरकत द्यायला तीस दिवसांची मुदत, त्यातले सोळा. अजूनही रात्री मध्येच जाग आली की तो रकाना डोळ्यांसमोर येतो आणि मी पाणी पिऊन परत झोपतो.

मी एसटीत कंडक्टर म्हणून लागलो, वाहतूक नियंत्रक म्हणून सुटलो. आमचं गाव सिंधुदुर्गातलं, बाजाराचं. नाव लिहीत नाही, कारण त्या कार्यालयात मला अजून जायचं आहे. हायवे चौपदरी झाला तशा त्याच्या बाजूने बिल्डिंगा उठल्या. वाड्यांतली माणसं गावात राहायला आली, येताना मोटारी घेऊन आली. बाजारपेठेचा रस्ता मात्र तोच राहिला. दोन्ही बाजूंना जुनी चिरेबंदी दुकानं, पुढे पडवी, पडवीच्या पुढे गटार आणि गटारावर घातलेल्या लाद्या. त्या लाद्यांवर भाजीवाल्या बसतात. बाजाराच्या दिवशी त्यांच्या टोपल्या आणि मोटारींचे आरसे यांच्यामध्ये जेवढी फट उरते तेवढ्यातून अख्खं गाव चालतं.

नगरपरिषदेने प्रारूप विकास आराखडा, म्हणजे गावातली कुठली जागा कशासाठी राखायची याचा कच्चा नकाशा, प्रसिद्ध केला. पेपरात नोटीस आली, मी जाऊन नकाशा बघितला. बाजारपेठेचा रस्ता १५ मीटर रुंद दाखवलेला, आणि मच्छी मार्केटच्या मागच्या सरकारी जागेवर आरक्षण 'वाहनतळ'. आज त्या जागेत सहा सीटर उभ्या राहतात, पावसात ताडपत्री बांधून बायका बसतात आणि चतुर्थीच्या आधी गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीचं सामान विकायला येतं. म्हणजे रुंद रस्ता मोटारींना चालवायला आणि ती जागा मोटारींना उभं राहायला. माझ्या ओळखीच्या एका भाजीवालीला मी हे सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "आणि आमका खंय बसवतले?" नकाशात त्याचं उत्तर नव्हतं.

व्यापाऱ्यांचाही रुंदीकरणाला विरोध होता, पण त्यांचं दुःख वेगळं. त्यांच्या पडव्या जात होत्या. त्यांनी एकाच मजकुराच्या शेकडो हरकती छापून वाटल्या. मलाही एक दिली. मी सही केली नाही. सगळ्या सारख्या हरकती एकाच गठ्ठ्यात जातात आणि त्यांची सुनावणी एकदमच उरकते, असं मला एका निवृत्त तलाठ्याने सांगितलं होतं. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर ते वेगळ्या कागदावर, तुमच्या शब्दांत आणि एका पानात लिहा. दोन पानं कोणी वाचत नाही.

आधी मी मोजणी केली. त्याचा मला आजही अभिमान आहे. आयुष्यभर डोकी मोजलेला माणूस मी, चढताना किती, उतरताना किती. मी आणि शेजारचे दोन कॉलेजचे पोरगे, मेडिकलच्या पायरीवर सकाळी सात ते अकरा. एकदा बाजाराच्या दिवशी, एकदा साध्या दिवशी. पाच-पाचच्या काड्या ओढायच्या. बाजाराच्या दिवशी चालणाऱ्यांनी दोनशे पानी वहीची सात पानं खाल्ली, मोटारींना एक पान पुरून उरलं. (मे महिन्यात मोजू नका, चाकरमान्यांच्या गाड्या असतात आणि आकडा खोटा येतो.)

नेमकं इथेच नियोजनाच्या पद्धतीत काय बिघाड आहे ते मला कळलं. मोजणाऱ्या कंपन्या माणसं मोजत नाहीत, वाहनं मोजतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची १९९० सालची एक मार्गदर्शिका आहे, क्रमांक १०६. कुठलं वाहन रस्ता किती अडवतं त्याचे आकडे तिच्यात आहेत, मोटार म्हणजे १ धरतात. वर्दळीतल्या प्रमाणानुसार दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस आणि ट्रक २.२ ते ३.७. हातगाडीलासुद्धा २ ते ३ आहे. म्हणजे पन्नास माणसं भरून आलेली एसटी ही रस्त्याच्या हिशोबात जास्तीत जास्त पावणेचार मोटारींची अडचण, आणि चार मोटारींतून आलेले पाच जण म्हणजे चार. चालणाऱ्याला या यादीत आकडाच नाही. फूटपाथची मार्गदर्शिका वेगळी आहे, क्रमांक १०३. ती फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मागते. पण रस्ता किती रुंद हवा हे पहिल्या हिशोबाने ठरतं आणि फूटपाथ उरलेल्या जागेत बसवतात. उरलं तर. केंद्राचं २००६ सालचं नागरी वाहतूक धोरण मात्र सांगतं की माणसांना हलवायचं आहे, वाहनांना नाही. हे वाक्य मी अर्जात लाल शाईने लिहिलं होतं. लाल शाईचा काही उपयोग झाला नाही, उलट झेरॉक्समध्ये ती फिकट आली.

मोजणी, नकाशा, अर्ज हे सगळं नवव्या दिवसापर्यंत झालं. दहाव्या दिवशी मी आवक-जावकच्या खिडकीवर गेलो.

खिडकीवरची मुलगी माझ्या नातीच्या वयाची, वागायला चांगली. तिने नमुना चाळला आणि बोट ठेवलं. "काका, चार नंबर रिकामा आहे."

म्हटलं, माझी मिळकत बाधित नाही. माझं घर लांब, वरच्या वाडीत.

"मग हरकत कशाची?"

"रस्त्याची. मी त्या रस्त्याने चालतो."

ती हसली नाही, हे तिचं चांगलं. ती म्हणाली, "नंबर असल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही." आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला. खरंच, लाल चौकट येत होती.

मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी रकान्यात 'निरंक' लिहून नेलं. चाललं नाही, तिथे आकडाच हवा. तिसऱ्या दिवशी तिथला एक जुना माणूस म्हणाला, स्वतःच्या घराचा नंबर टाका की. तेही करून बघितलं, आणि हे करू नका. घर आराखड्यात बाधित नाही असं पडताळणीत निघतं आणि हरकत 'संबंध नाही' या यादीत जाते. बरं झालं त्या मुलीनेच ते वेळेत सांगितलं आणि अर्ज परत दिला.

मग मला वाटलं, रस्त्याचाच नंबर काढू. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गेलो. एसटीने गेलो, अर्धा तास उभ्याने, कारण २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर आमच्या भागात सकाळच्या गाडीत जागा मिळत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या बायका आठवड्यातून एकदा बाजाराला यायच्या त्या आता दोनदा येतात, आणि हेसुद्धा कुठल्या आराखड्यात मोजलेलं नाही. भूमी अभिलेखमध्ये सर्व्हेअर दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला भेटला. त्याने बाजारपेठेचा सिटी सर्व्हेचा नकाशा टेबलावर पसरला. दुकान, नंबर. दुकान, नंबर. विहीर, नंबर. मधला रस्ता नुसता कोरा.

"रस्त्याला नंबर नसतो ओ," तो म्हणाला. "दोन नंबरांच्या मधली जागा म्हणजे रस्ता."

मी विचारलं, मग रस्त्यावरच्या माणसाने हरकत घ्यायची कुठे? त्याने चहा मागवला. म्हणाला, "चलणाऱ्याक खंयचो नंबर, काका?" चहा चांगला होता.

हे सगळं होईपर्यंत एकोणिसावा दिवस उजाडला. शनिवार-रविवार आणि एक सणाची सुट्टी यांत गेलेले दिवस वेगळे. तीस दिवस म्हणजे कामकाजाचे तीस दिवस असतील असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. नोटीस राजपत्रात आली की दिवस सुटतात, मग कार्यालय उघडं असो की बंद.

बायको म्हणाली, सोडून द्या, तुम्हाला कोणी पगार देत नाही. मी तिच्यावर ओरडलो, आणि त्याचं वाईट वाटून दुपारी जेवलो नाही. लिहायला नको होतं, पण झालं तसं लिहितो.

विसाव्या दिवशी एकदम लक्षात आलं की माझी मागणी दोन गोष्टींची आहे. रस्ता रुंद करू नका, ही एक. मच्छी मार्केटमागची जागा नुसती वाहनतळ नको, तिथे बाजार आणि एसटीचा थांबा धरा आणि मोटारींची व्यवस्था बाजाराच्या तोंडाशी भातगिरणीच्या बाजूला करा, ही दुसरी. आणि त्या सरकारी जागेला नंबर आहे! आराखड्याच्या तक्त्यात आरक्षणासमोर छापलेला, पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर. मी इतका चिडलेलो होतो की तो दिसलाच नाही. तुमचा विषय रस्त्याचा असला तरी आधी जवळचं एखादं आरक्षण शोधा, त्याला बांधा. आरक्षणाला नंबर असतो.

नंबर टाकला. लाल चौकट गेली. मी जवळजवळ टाळी वाजवली. तेवढ्यात मागून साहेब आले, अर्ज बघितला आणि म्हणाले, "ही जागा तुमची आहे का?"

"नाही, सरकारची."

"मग हरकत सरकारने घ्यायला पाहिजे."

तिथे माझा आवाज चढला. खिडकीसमोरची रांग ऐकत होती, त्यात माझा एक जुना ड्रायव्हर होता, तो नंतर गावभर सांगत सुटला. आवाज चढवून काही मिळालं नाही. बाकावर बसून पाणी प्यायलो, घरी गेलो आणि नातवाला म्हटलं, तो कायदा काढ. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. कलम २६ नोटिशीचं, कलम २८ हरकतींचं. कलम २८ मध्ये मालक असं लिहिलेलं नाही. कोणतीही व्यक्ती, असं लिहिलेलं आहे. लेखी कळवलं की तिला म्हणणं मांडायची संधी द्यायची. मोठ्या अक्षरात छापलं, त्या दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली आणि अर्जाला टाचलं. रेघ बारीक मारा, साहेबलोकांना जाड रेघ आवडत नाही.

ते टाचलेलं पान घेऊन मी त्या खिडकीवर गेलोच नाही. जिल्ह्याला नगररचना कार्यालयात गेलो. तिथल्या एका बाईंनी अर्ध्या मिनिटात वाचलं आणि म्हणाल्या, अर्ज नगरपरिषदेलाच द्यावा लागेल, पण नमुना हा नुसता त्यांच्या सोयीचा आहे. साध्या कागदावर दिलात तरी घेतला पाहिजे, मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि एक प्रत हातीही द्या. म्हणजे सोळा दिवस मी ज्या रकान्याशी भांडत होतो त्याची गरजच नव्हती! हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर हा लेख पाच ओळींचा झाला असता.

सव्विसाव्या दिवशी पोस्टाची पावती खिशात ठेवून खिडकीवर गेलो. साहेबांनी टाचलेलं पान वाचलं, समासात 'स्वीकारा' लिहिलं आणि निघून गेले. मुलीने आवक क्रमांक टाकून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला. दुसरी प्रत न्यायला विसरू नका. शिक्का पुसट आला तर पुन्हा मारून घ्या, लाजू नका.

सुनावणीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत नगरपरिषदेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि जास्तीत जास्त चार जाणकार नगररचना संचालक नेमतात. त्यातल्या एका जाणकाराने माझी वही मागून घेतली आणि सात पानं उलटून बघितली. पाच मिनिटं मिळाली. माझ्या अर्जात बाजाराच्या दिवशी सकाळी मोटारींना बंदी करा असंही होतं, ते त्यांनी तिथेच बाजूला काढलं. ते आराखड्यात येत नाही. वाहनांवर निर्बंध घालणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली, वाहनतळ आणि थांब्यांच्या जागा कलम ११७ खाली, त्यासाठी वेगळा अर्ज. एसटीची गाडी आत वळवायची तर ते विभाग नियंत्रकांकडे. मी नियंत्रक होतो, मला हे सुचायला हवं होतं. सगळं एका कागदात कोंबलं की अर्धा कागद 'विषयाबाहेर' होतो.

समितीच्या अहवालात रस्ता १५ मीटरच राहिला. त्या जागेपुढे मात्र 'वाहनतळ' खोडून 'बाजार, बसथांबा व वाहनतळ' अशी शिफारस आली. आता ते मंजुरीसाठी वर गेलं आहे. अहवालाला हरकतींची यादी जोडली होती, ती मी बघितली. माझं नाव, पुढे चार नंबरच्या रकान्यात त्या मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं: 'चालणारे'.

परवा तिनेच फोन केला. एक बाई आल्या आहेत, शाळेच्या रस्त्याबद्दल हरकत आहे, मुदत संपली आहे पण बोलायचं आहे, नंबर नाही. मी म्हटलं, त्यांना बसवून ठेव, वही घेऊन येतो.