मिनीडीव्ही टेप संगणकावर उतरवताना गाडी कुठे अडते?

मिनीडीव्ही म्हणजे जुन्या कॅमकॉर्डरमधली छोटी टेप. तिच्यावर चित्र आधीपासूनच डिजिटल असतं. कॅप्चर म्हणजे नव्याने रेकॉर्डिंग नव्हे, टेपवरचा डेटा जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवणं. म्हणून चित्र पुसट दिसलं तर कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये क्वालिटीचं बटण शोधत बसू नका. डेटा टेपवरून हेड (कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग), केबल, ड्रायव्हर (संगणकाला उपकरण ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) असं करत डिस्कवर पोहोचतो, आणि बिघाड याच वाटेवर कुठेतरी असतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते केबलपाशी. कॅमकॉर्डरवर यूएसबी पोर्ट दिसतो आणि तोच जोडला जातो. बहुतेक मॉडेल्समध्ये तो मेमरी कार्डावरचे फोटो काढण्यापुरता किंवा वेबकॅमच्या दर्जाचं चित्र पाठवण्यापुरता असतो. टेपसाठी लागतो तो फायरवायर, म्हणजे आयईईई १३९४. सोनीने त्याला आय-लिंक म्हटलं, काही कॅमेऱ्यांवर नुसतंच 'डीव्ही' लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याकडे ४ पिनांचा छोटा सॉकेट, संगणकाकडे ४, ६ किंवा ९ पिनांचा. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी अशी स्वस्त केबल मिळते, ती घेऊ नका. दोन्हींची भाषाच वेगळी, नुसत्या तारा जोडून काही होत नाही. डेस्कटॉपला पीसीआय एक्स्प्रेस फायरवायर कार्ड बसवणं हा सरळ उपाय.

केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा. ६ पिनांच्या पोर्टमधून वीजही येते; प्लग उलटा दाबून बसवला तर पोर्ट जळू शकतो, आणि कॅमेऱ्यातला तो पोर्ट दुरुस्त करून घेणं आज कठीण आहे. मग कॅमेरा बॅटरीवर नव्हे, अडॅप्टरवर चालवा आणि प्ले किंवा व्हीसीआर मोडवर ठेवा. कॅमेरा मोडमध्ये टेप घालून ठेवली तर पाचेक मिनिटांत तो आपोआप बंद होतो.

संगणकाला फायरवायर कार्ड दिसतं पण कॅमेरा दिसत नाही? विंडोज ७ मध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून १३९४ कंट्रोलरचा ड्रायव्हर बदला. यादीत नावाच्या शेवटी 'लेगसी' असलेला ओएचसीआय ड्रायव्हर असतो, तो निवडा. विंडोज ८ पासून तो सोबत येत नाही, मायक्रोसॉफ्टचं वेगळं पॅकेज टाकावं लागतं. मॅकवर थंडरबोल्ट ३ ते २ आणि पुढे थंडरबोल्ट ते फायरवायर अशी अडॅप्टरची साखळी चालते, मात्र मॅकओएस २६ मध्ये फायरवायरचा सपोर्टच काढला आहे. तेव्हा जुना मॅक भंगारात देण्याआधी टेपा उतरवून घ्या. लिनक्सवर डीव्हीग्रॅब हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर पुरतं.

कॅमेरा एचडीव्ही, म्हणजे त्याच टेपवर हाय डेफिनिशन चित्र भरणारा, असेल तर मेनूमधली आउटपुटची सेटिंग तपासा. एचडीव्हीचं चित्र एमपेग-२ या वेगळ्या पद्धतीने साठवलेलं असतं, ते डीव्हीच्या सॉफ्टवेअरला कळत नाही.

आता फ्रेम ड्रॉप, म्हणजे मधली काही चित्रं गळणं. डीव्हीचा वेग सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट, म्हणजे तासाला १३ गिगाबाइट. आजच्या डिस्कला हे किरकोळ आहे. पण टेप थांबत नाही आणि हुकलेला डेटा कॅमेरा पुन्हा पाठवत नाही. त्यामुळे अँटिव्हायरसचं स्कॅन, झोपी जाणारी बाह्य डिस्क किंवा स्लीप मोड एवढंसं कारणही पुरतं. ही सगळी बंद ठेवा आणि अंतर्गत डिस्कवर उतरवा. दर वेळी साधारण १९-२० मिनिटांनीच कॅप्चर तुटत असेल तर डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. तिच्यावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. एनटीएफएस करा, पण फॉरमॅट करताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं हे विसरू नका.

चित्रात चौकोन किंवा आडव्या पट्ट्या येत असतील तर संगणकाला दोष देण्याआधी कॅमेऱ्याचा स्वतःचा पडदा बघा. तिथेही दिसत असतील तर बिघाड केबलच्या अलीकडे आहे. टेप मागे नेऊन तोच भाग परत लावा. चौकोन त्याच जागी आले तर टेप खराब, दर वेळी जागा बदलली तर हेड. एक पट्टी चालू आणि एक गोठलेली असं आलटून पालटून दिसलं तर दोनपैकी एक हेड माखलेलं आहे, कारण पाल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीतली प्रत्येक फ्रेम १२ तिरक्या ट्रॅकवर असते आणि दोन हेड ते पाळीपाळीने वाचतात. सुकी क्लीनिंग टेप १० सेकंद चालवा, जास्त नको; ती हेड घासते.

एलपी मोडवर, म्हणजे टेप हळू चालवून जास्त वेळ मावेल अशी, भरलेली टेप पुष्कळदा ज्या कॅमेऱ्यावर भरली त्याच्यावरच नीट चालते. वर्षानुवर्षं पडून असलेली टेप आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या.

टेपमध्ये मध्येच कोरी जागा असेल तर टाइमकोड (टेपवर नोंदलेली वेळ) तिथे पुन्हा शून्यावर जातो आणि बरीच सॉफ्टवेअर थांबतात. अशा वेळी टाइमकोडवर चालणारं बॅच कॅप्चर (आधी ठरवलेले भाग आपोआप उतरवणं) सोडा, हाताने चालू करा. आवाज हळूहळू मागेपुढे होत असेल तर एकाच टेपवर १२ बिट ३२ किलोहर्ट्झ आणि १६ बिट ४८ किलोहर्ट्झ असे दोन्ही प्रकार आहेत का बघा. असतील तर जिथे आवाजाचा प्रकार बदलतो तिथे नवी फाइल सुरू करा.