पुराचे पन्नास हजार आणि मतदार यादी

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतलं माझं दुकान गेलं. शिलाईचं सामान : अस्तरं, लेस, बटणं, दोऱ्याची रिळं. पाणी माळ्याला टेकल्यावर त्यातलं काय वाचणार? पंचनामा मात्र पटकन झाला. चिखल उपसायला हात लावण्याआधी मी एकेका कपाटाचे फोटो काढून ठेवले होते, शटरवरची पाण्याची रेघसुद्धा. तलाठ्यांनी ते बघून नुकसान लिहिलं, पंचांच्या सह्या झाल्या. शेजाऱ्यांनी आधी माल उकिरड्यावर टाकला आणि मग पंचनाम्याची वाट बघितली, नुकसान समजावता समजावता त्यांच्या नाकी नऊ आले. तेव्हा आधी फोटो, मग फावडं.

३ ऑगस्टला सरकारने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार. टपरीवाल्याला १० हजार. माझं नुकसान याच्या कितीतरी पट होतं. तरी म्हटलं, वायरिंग आणि फर्निचरला हातभार लागेल. पण त्यात एक अट होती : दुकानदार स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव हवं, रेशनकार्ड हवं, दुकान अधिकृत हवं.

शॉप ॲक्टचं लायसन्स माझ्याकडे होतं. रेशनकार्ड आणि मतदान मात्र गावचं. गाव चिपळूण तालुक्यातच आहे, पण तालुक्याचा तो भाग विधानसभेला गुहागर मतदारसंघात जातो. झालं! टेबलापलीकडच्या माणसाने यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "नाव नाही. तुम्ही स्थानिक नाही."

"अहो, तालुका हाच आहे."

"मतदारसंघ दुसरा आहे."

"मग मी राहतो कुठे, मतदारसंघात की तालुक्यात?"

यावर तो पुढच्या माणसाचा कागद बघायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरे गृहस्थ होते. त्यांना मतदारसंघाचं काहीच वाटलं नाही, पण त्यांनी नवीन काढलं : गावाकडून मदत घेतली नसल्याचा दाखला आणा. घेऊन येतो म्हटलं. गावात ग्रामसेवक म्हणाले, "दादा, आपल्या वाडीत पूर आलाच नाही. न आलेल्या पुराची मदत घेतली नाही, असं मी कुठल्या आधारावर लिहू?" त्यांचंही बरोबर होतं! शेवटी त्यांनी "सदर व्यक्ती या गावची रहिवासी असून व्यवसायानिमित्त चिपळूण शहरात वास्तव्यास आहे" एवढंच लिहून दिलं. तो कागद घेऊन गेलो तर पहिले गृहस्थ परत आलेले, आणि म्हणतात, यात तर गावचे रहिवासी असंच लिहिलंय!

तोतयांनी पैसे लाटू नयेत म्हणून अट घातली असेल, मान्य. पण ज्या बाजारपेठेत आसपासच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गाळे चालवतात, तिथे दुकान ओळखायला मतदार यादी कशाला? दुकानाचं वीजबिल, नगरपालिकेची पावती, भाडेकरार असताना? हे मी तिथे मोठ्या आवाजात बोललो आणि रांगेतले आणखी काही जण माझ्यासारखेच निघाले. मग आम्ही एकत्र लेखी अर्ज केला, प्रत्येकाची कागदपत्रं जोडून, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारून प्रत घेतली. त्या शिक्क्याने काम झालं. तोंडी विचारलं की तोंडी "नाही" मिळतं. लेखी आल्यावर कोणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि नकार कागदावर लिहायला कोणी तयार नव्हतं. शहरातल्या घराचा भाडेकरार आणि तो ग्रामसेवकांचा दाखला, दोन्ही मिळून मला स्थानिक ठरवलं गेलं.

विसरत होतो : पासबुक नीट बघा. आधीच्या एक-दोन वर्षांत बऱ्याच बँका विलीन झाल्या होत्या आणि त्या वर्षी त्यांच्या शाखांचे जुने आयएफएससी कोड बंद पडले होते. मी नवीन कोडचा रद्द केलेला चेक जोडला म्हणून पैसे थेट आले. शेजारच्या चप्पलवाल्याचे परत गेले.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी दुकानात रॅक ठोकून घेत होतो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण राग गेला नव्हता. त्या ११,५०० कोटींतले तातडीच्या मदतीचे १,५०० आणि कायमच्या उपायांचे ७,०००. आणि त्याच डिसेंबरात वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकरांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. २६ जुलै २००५ ला हेच पाणी बाजारपेठेत आलं होतं.

आता गाळ्याचा करार मी रजिस्टर करून घेतलाय. मालक आधी "एवढ्या वर्षांत कधी लागला का?" म्हणाले. नोंदणीचा खर्च मी भरतो म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी सही केली. मूळ प्रत दुकानात ठेवू नका, वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी द्या.