चार ओळींची दुरुस्ती

दुरुस्त केलेला बग पंधरा दिवसांनी परत आला, तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

आम्ही सहा जण, प्रॉडक्ट बिलिंगचं सॉफ्टवेअर. तीन महिने आधी मी मोठ्या हौसेने प्रोसेस आणली होती. कोडमधला प्रत्येक बदल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन), दुसऱ्याने पाहिल्याशिवाय (रिव्ह्यू) मुख्य कोडमध्ये मर्ज नाही, रिलीजआधी चेकलिस्ट. फॉर्म माझ्या जुन्या, मोठ्या कंपनीच्या धर्तीचे. बदलाच्या फॉर्मवर सह्यांच्या चार जागा होत्या. आमच्याकडे त्यातल्या तीन माझ्याच.

सकाळी ग्राहकाच्या अकाउंटंटचा फोन आला, बिलाची बेरीज पुन्हा जुळत नाही म्हणून. तीन ओळी, प्रत्येकीवर कर १०.३४४. ओळीओळीला दोन दशांशांपर्यंत राउंड केलं की ३१.०२ येतात, आधी बेरीज करून राउंड केलं की ३१.०३. फरक ०.०१ चा, पण त्यावर महिनाअखेरीचा ताळा अडतो.

हा बग आमच्या ज्युनियरने मिटवला होता. गिटमध्ये मात्र त्या दुरुस्तीचा मागमूस नाही. लॉग, ब्रँच (कोडच्या वेगळ्या शाखा), स्टॅश, गिटमधलं सगळं उपसलं. शेवटी सर्व्हरच्या जुन्या बॅकअपमधली फाइल काढून फरक दाखवणारा डिफ लावला, तेव्हा त्या चार ओळी दिसल्या. बग मिटवला त्या रात्री साडेअकराला ग्राहक अडला होता, रिव्ह्यूला कुणी जागं नव्हतं, म्हणून त्याने थेट सर्व्हरवरच फाइल सुधारली. नंतरच्या रिलीजला, नवा कोड सर्व्हरवर चढवणाऱ्या डिप्लॉय स्क्रिप्टने नेहमीसारखं गिट रिसेट हार्ड चालवलं. कमिट न केलेला, म्हणजे गिटमध्ये न नोंदवलेला बदल ही कमांड न विचारता पुसते. रीफ्लॉगमध्येही, म्हणजे गिटच्या मागच्या हालचालींच्या यादीतही, तो मिळत नाही, कारण गिटकडे त्याची नोंदच नसते. स्क्रिप्ट माझी होती. आधी गिट स्टेटस (न नोंदवलेले बदल दाखवणारी कमांड) बघून थांबायची तपासणी मी त्यात घातली नव्हती.

मालकांनी मीटिंग पाच मिनिटांत संपवली: प्रोसेस मोडली, याचा सर्व्हरचा ॲक्सेस काढा. मला ते पटलं नव्हतं, तरी मी गप्प बसलो. तेच जास्त लागतंय. नियम त्याने मोडला खरा, पण रात्री अडलेल्या ग्राहकासाठी आम्ही नियमात वाटच ठेवली नव्हती. मोठ्या कंपनीत रात्रपाळीला टीम असते. आमच्याकडे रात्रपाळी म्हणजे जो फोन उचलेल तो.

सॉफ्टवेअर बनवण्याच्या प्रोसेसचं आयएसओ/आयईसी २९११० हे मानक २५ पर्यंत माणसांच्या संस्थांसाठीच आहे, २०११ पासून. त्यात अगदी लहान कामांसाठी एंट्री प्रोफाइलही आहे. फॉर्म छापण्याआधी मी ते उघडायला हवं होतं, उघडलं नंतर. आता तातडीचा बदल एकट्याने करता येतो: वेगळी ब्रँच, कमिट, डिप्लॉय, आणि रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी सकाळी. सर्व्हरवर कमिट न केलेला बदल दिसला की स्क्रिप्ट थांबते. सही एकच. मालकांशी भांडून त्याचा ॲक्सेसही परत मिळवला.

परवा रात्री पुन्हा एका ग्राहकाने त्याला फोन केला. त्याने उचलला नाही. सकाळी कारण विचारायचा मला धीर झाला नाही.