खोकल्याची गोळी मागायला आलेली बाई

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ती पुण्याच्या बुधवार पेठेतल्या, देहविक्रीच्या वस्तीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये आली. "ताई, आवाज बसलाय, खोकल्याची गोळी द्या." खोकला नव्हता, तापही नव्हता. पण थुंकी गिळताना तोंड वाकडं होत होतं. अशा वेळी मी सरळच विचारते, कुणी गळा धरला का? 'मारहाण झाली का' म्हटलं की बहुतेकदा 'नाही' येतं. चापट, ढकलाढकली या गल्लीत मारहाणीत धरतच नाहीत.

शनिवारी रात्री अकराला गिऱ्हाइकाने मध्येच निरोध काढला. तिने अडवलं, तेव्हा दोन्ही हातांनी गळा आवळून त्याने जबरदस्ती केली. गळ्यावर वळ नव्हता. तो उमटतोच असं नाही, आणि इथेच फसगत होऊन बाईला घरी पाठवलं जातं. खालची पापणी ओढून आत बारीक लाल ठिपके दिसतात का ते बघायचं. गिळताना दुखतं का, आणि त्या वेळी नकळत लघवी झाली का, तेही विचारायचं. झाली असेल तर ती बेशुद्ध पडली होती असं धरून चालायचं. तिची झाली होती. आतली सूज नंतरही वाढू शकते. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर गेली असेल तर गुठळी होऊन काही दिवसांनीसुद्धा पक्षाघात येतो. म्हणून मानेची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) हवी आणि रुग्णालयात देखरेख हवी. खोलीवर एकटीने झोपणं नाहीच.

रिक्षाने सरकारी रुग्णालयात नेलं. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "धंदा करते ना, मग बलात्कार कसला?" पैसे घेऊन आलेल्या बाईलाही नाही म्हणता येतं, एवढं कॅज्युअल्टीत समजावत बसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशाची प्रत मी फाइलमध्येच ठेवते: लैंगिक अत्याचार झालेल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रीलाही तातडीचे उपचार मिळालेच पाहिजेत. ती पुढे केली. तपासणीला, नमुन्यांना आणि पोलिसांत जायला संमती वेगवेगळी असते. तिने शेवटची नाकारली. तेवढ्यावरून उपचार थांबवता येत नाहीत, नकार लिहून घ्यायचा. परकर तिने प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता. ओलसर कपडा प्लास्टिकमध्ये बुरसटतो आणि डीएनए खराब होतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात घातला.

एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ३६ तास उलटून गेले होते. टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ आणि डोलुटेग्राविर ५० मिग्रॅ एकाच गोळीत येतात. रोज एक, २८ दिवस. सुरुवातीला तिचीही चाचणी करायची, पण रिपोर्टसाठी पहिला डोस अडवायचा नाही. जोडीला लैंगिक संबंधातून होणारे इतर संसर्ग टाळायला अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झिम ४०० मिग्रॅ, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस-बी लसीचा पहिला डोस. नसबंदी झालेली असल्याने गर्भनिरोधक गोळी लागली नाही.

कोर्स अर्धवट सुटतो तो मळमळीपेक्षा बाटलीमुळे. एचआयव्ही असलेल्यांची रोजची गोळी हीच. घरवालीच्या, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईच्या, नजरेला बाटली पडली की 'हिला लागलंय' अशी बोंब होते आणि खोली जाते. गोळ्या कागदाच्या पुडीत ठेवल्या तर ओल धरतात. म्हणून बाटली आमच्याकडेच ठेवली, ती रोज दुपारी चहाच्या निमित्ताने येऊन गोळी घ्यायची. ॲसिडिटीची गोळी ती पानसुपारीसारखी तोंडात टाकायची. त्याने डोलुटेग्राविर अंगात नीट शोषलं जात नाही. आमची गोळी आधी, ॲसिडिटीची दोन तासांनी, असं ठरवून दिलं.

सीटीत चीर निघाली नाही. चौथ्या दिवशी ती पुन्हा धंद्यावर बसली, कारण खोलीचं भाडं रोजचं असतं. आवाज सुटायला दोन आठवडे लागले. तीन महिन्यांची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली. हिपॅटायटिस-बीचा सहाव्या महिन्याचा डोस बाकी आहे.