अंगठाबहाद्दर

फोन ओट्यावरून पडला तेव्हा मी साबुदाण्याची खिचडी परतत होते. पालथा पडला. उचलून पाहिला तर काचेवर डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक तिरकी रेघ. तीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या बाईला अशा रेघेचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. मजकुरावर अशी रेघ ओढली की तो मजकूर काढून टाकायचा असतो.

संध्याकाळी ठाण्याच्या भाच्याला सांगितलं. तो फोनमधली ॲप बनवण्याच्याच धंद्यात आहे, त्यामुळे आमच्या घरात या विषयावर त्याचा शब्द शेवटचा.

"बरं झालं फुटला. मावशी, आता पार्टी बदल. ॲन्ड्रॉइड पुरे झालं, ॲपल घे."

"दोन्ही सुरू तर एकाच अक्षरानं होतात," मी म्हटलं.

तो हसला. मी विनोद केला नव्हता. ॲपल, ॲन्ड्रॉइड आणि ॲप, तिन्ही शब्द मराठीत ज्या अक्षरानं सुरू होतात ते अक्षर संगणकाकडे फार दिवस नव्हतंच. हिंदीवाले 'ऐप' लिहून मोकळे होतात. आपल्याला अ वर चंद्र लागतो, आणि तो मिळेना म्हणून आम्ही ए वर चंद्र देऊन 'ऍ' चालवून घ्यायचो, पाहुण्याला मुलाचा सदरा द्यावा तसं. युनिकोडमध्ये ॲ ला स्वतःची जागा मिळाली एप्रिल २००८ मध्ये. त्याच वर्षी जुलैत ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं आणि ऑक्टोबरात ॲन्ड्रॉइडचा पहिला फोन अमेरिकेत विकायला आला. बाळाच्या आधी पाळणा घरात येऊन पडावा तसं झालं. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तुझं बजेट सांग."

पार्टी बदलायची ही माझी पहिली वेळ नव्हे. सुरुवात नोकिया ११०० पासून. २००३ साली निघालेला तो फोन, वर टॉर्च. लोडशेडिंगच्या दिवसांत त्या टॉर्चच्या उजेडात मी एका कादंबरीचा सोळा पानांचा अख्खा फॉर्म तपासला आहे. त्यावर रोमनमधून 'yete' लिहायलाही य साठी नऊचं बटण तीनदा दाबावं लागे, पण ते माझा अंगठा न बघता दाबायचा. बसमध्ये पर्सच्या आत हात घालून मी निरोप लिहीत असे.

(वरचा तो शब्द रोमन लिपीत ठेवल्याबद्दल क्षमा. 'येते' असं देवनागरीत लिहिलं असतं तर नऊच्या बटणाचा हिशेब लागला नसता.)

मग घेतला पिवळाधमक ल्युमिया. नोकियाचंच नाव आहे म्हणून डोळे झाकून घेतला. आत मायक्रोसॉफ्टचं विंडोज आहे हे महत्त्वाचं असतं, हे तेव्हा कुठे माहीत. पडदाभर चौकोनी फरशा, त्या आपल्या आपण उलटायच्या. मला आवडला होता तो फोन. अक्षरं मोठी, मोकळी, भोवती भरपूर कोरी जागा. ज्यानं कुणी तो आखला त्याला समासाचं मोल माहीत होतं. पण दुकानात वस्तूच नसतील तर दुकानाची पाटी किती दिवस बघणार? जे ॲप मागावं ते त्या फोनसाठी निघालेलंच नसे. शेवटी जाहीर झालं की ३१ डिसेंबर २०१९ नंतर विंडोज फोनवर व्हॉट्सॲप चालणार नाही. थर्टी फर्स्टच्या आदल्या आठवड्यात मी ॲन्ड्रॉइडच्या घरी राहायला गेले. जुने निरोप बरोबर आले नाहीत. त्यात एका लेखकाचं 'पान ११२ वरचा नायक मेलेला नाही, कृपया दुरुस्त करा' हेही होतं. तो नायक पहिल्या आवृत्तीत मेला.

ॲन्ड्रॉइडच्या घरात तोवर गोडधोड संपलं होतं. त्याच्या दर आवृत्तीला इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं एकेका गोड पदार्थाचं नाव असे, कपकेक, डोनट, जेली बीन असं करत करत. 'प'ची पाळी आली २०१८ मध्ये. पुरणपोळी, पेढा, पाकातल्या पुऱ्या अशी एवढी पंगत समोर असताना त्यांनी नाव ठेवलं 'पाय'. पुढच्या वर्षी तर नावंच बंद, नुसते आकडे. मी गेले तेव्हा पानात दहा नंबर वाढला होता.

आता खरी गोष्ट. ती ऱ्य ची आहे.

'दुसऱ्या' या शब्दातला र पाहा. डोक्यावर रफार नाही, य च्या पुढ्यात एक आडवी कोर आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. एवढ्याशा कोरीवर समुद्राचा डोंगर होतो. संगणकात ही कोर काढायचा एक मार्ग म्हणजे खाली टिंब असलेला ऱ. हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतला वेगळा र देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेलं, त्याचा पाय मोडला की आपली कोर मिळते. म्हणजे सातारच्या दऱ्या लिहायला आपण दक्षिणेकडून उसना र आणतो. पण तेव्हा मी कुठूनसा उतरवून घेतलेल्या कीबोर्डवर तो उसना र नव्हताच. काय वाट्टेल ते करा, रफारच उमटायचा.

भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री मी घरच्या ग्रुपवर लिहिलं: "आचाऱ्यांना पहाटे पाचला जिलब्या तळायला यायला सांगितलं आहे." उमटलं ते "आचार्यांना".

आमच्या घरात एक खरेखुरे आचार्य आहेत. आईचे चुलतभाऊ, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, वय वर्षं ऐंशी. सगळे त्यांना आचार्यमामा म्हणतात. दहा मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं: "येतो. झारा घरून आणू का?"

त्या दिवसापासून मी फोन ऱ्य वर पारखते. भाच्यानं पाठवलेल्या तक्त्यात कॅमेरा होता, बॅटरी होती, रॅम होती. ऱ्य ला रकाना नव्हता. मी कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानात गेले आणि काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "यावर 'दुसऱ्या' लिहून दाखव."

"मॅडम, याला पन्नास मेगापिक्सेल आहेत."

"असू देत. 'दुसऱ्या' लिही."

मुलगा परभणीकडचा होता, शांत होता. त्यानं मांडलेल्या फोनला आधी मराठी कीबोर्ड जोडला, मग थोडा विचार करून म्हणाला, "लिहिता कशाला? बोला की." आणि माइकची खूण दाबून फोन माझ्यापुढे धरला. मी घसा साफ केला. आयुष्यभर शुद्धलेखन केलेल्या माणसाचे उच्चारही शुद्ध असायला हवेत, म्हणून एकेक अक्षर तोलून, दाबून म्हटलं, "आचाऱ्यांना बोलवा." पडद्यावर आलं: आचार्यांना बोलवा. परत म्हटलं, आणखी दाबून. परत आचार्य.

"मी बोलू का?" म्हणत त्या मुलानं फोन तोंडाजवळ नेला आणि आईला हाक मारावी तसं सहज म्हणाला. आचाऱ्यांना. कोर जागच्या जागी.

घरी येताना रिक्षात उमगलं. ऱ्य चा गुणच तो, मागच्या अक्षरावर आघात येऊ द्यायचा नाही. मी दाबून बोलले, तिथेच र दुप्पट झाला. फोननं मी म्हटलं तेच लिहिलं होतं.

ऱ्य ची परीक्षा तशी तिथेच निकालात निघाली. कारण भाच्यानं मग सांगितलं की कीबोर्ड दोन्हीकडे पाहिजे तो घालता येतो. ॲपलनंसुद्धा २०१४ पासून बाहेरचे कीबोर्ड येऊ दिले आहेत. म्हणजे ज्याच्यावर मी सगळा निवाडा सोपवला होता तो साक्षीदार दोन्ही बाजूंना सारखाच ओळखीचा निघाला. राहिली किंमत. आयफोन १५ भारतात २०२३ साली ७९,९०० रुपयांना आला, पुढच्या वर्षीचा १६ सुद्धा त्याच आकड्याला. मला पानामागे १५ रुपये मिळतात. म्हणजे ५,३२७ पानं. म्हणजे ३३३ फॉर्म. सबंध ज्ञानकोश तपासून झाला असता आणि वर सूची.

"आदल्या वर्षीचं मॉडेल घे, स्वस्त पडतं," भाचा म्हणाला. "आणि घ्यायच्या आधी आठ दिवस वापरून बघ. माझ्याकडे टेस्टिंगचा एक पडून आहे."

आला तो कुरियरनं. सिम माझ्या तडा गेलेल्या फोनमध्येच ठेवलं. नव्यावर नुसतं वाचायचं, लिहायचं, प्रूफं बघायची. पहिल्याच संध्याकाळी अडले. एक पान उघडलं, वाचलं, मागे जायचं होतं. माझा अंगठा उजव्या कडेवरून आत सरकला. काही झालं नाही. पुन्हा सरकला, थोडा रागानं. काही नाही. ॲन्ड्रॉइडवर पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही कडेवरून अंगठा आत ओढला की मागचं पान येतं. आयफोनवर त्यासाठी डाव्या कडेवरून ओढायचं, आणि फोन उजव्या हातात असेल तर डावी कड म्हणजे पलीकडचा काठ. अंगठ्याला पूल ओलांडून जावं लागतं.

दोन दिवस मी त्या फोनवर कशातूनच बाहेर पडू शकत नव्हते. बातमी उघडली की बातमीत, फोटो उघडला की फोटोत. डोकं म्हणायचं डावीकडे, अंगठा निघायचा उजवीकडे. डोक्याला सगळं पाठ होतं, समजावून सांगायला सांगितलं असतं तर मी तासभर बोलले असते. अंगठ्याला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. लहानपणी आमच्या गावी सही न येणाऱ्या माणसाला अंगठाबहाद्दर म्हणत, आणि पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला की शाईचं पॅड पुढे करी. तीस वर्षं दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारून झाल्यावर माझी पाळी तिथे आली होती. आणि मी आत्ता लिहिलं तसं 'ऱ्हस्व' लिहू नका, 'ह्रस्व' लिहा. हेही मी किती जणांना सांगितलं असेल.

चौथ्या दिवशी जुन्या फोनवर मंडईत भाजीवाल्याला पैसे देताना बघते तर अंगठा डाव्या कडेला चाचपडतोय. जुन्या फोनवर! तिथे कुणी बोलावलं नव्हतं. कोथिंबिरीचे वीस रुपये देईपर्यंत तो दोनदा तिकडे जाऊन आला. भाजीवाला म्हणाला, "ताई, नेट नाही का?" मी म्हटलं, आहे. फितुरीला मराठीत आणखी कुठला शब्द आहे का, हे शोधत घरी आले.

मग कसला तक्ता आणि कसली रॅम. शनिवारी जाऊन आदल्या वर्षीचा आयफोन घेतला, परभणीच्या त्याच मुलाकडून, बारा हप्त्यांवर. जुनाच चार्जर त्याला चालतो, कारण १५ पासून आयफोनलाही यूएसबी-सीच आहे; तेवढा एक फॉर्म वाचला. रात्री दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि भाचा तिकडून व्हिडिओ कॉलवर सांगत गेला तसं करत गेले. या खेपेस निरोप सगळे आले, झाऱ्यासकट. नंबरही आले: 'गॅस', 'गॅस नवा', 'गॅस नवा खरा'. पैशांच्या ॲपनं मात्र ओळख दाखवली नाही. सिमवरून बँकेला एसएमएस गेला, माझी मी असल्याची खात्री झाली, मग कुठे खातं दिसलं.

एक गोष्ट तेवढी डोळ्यांना खुपते. फोनवरच्या अक्षरांत ल उभ्या दांडीचा दिसतो, हिंदी वळणाचा. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श यांच्यासाठी शासनाचा निर्णय आहे, २००९ चा. तो शासननिर्णय फोनला कसा दाखवायचा, हे भाच्याला विचारलंय. तो बघतो म्हणाला. त्याला बरेच दिवस झाले.

पहिला निरोप आचार्यमामांना पाठवला. चष्मा न लावता, एकाच अंगठ्यानं: नवा फोन घेतला, आता यापुढे आचाऱ्यांना आचारीच म्हणेन. कोर नीट उमटलेली पाहिली आणि पाठवून दिला.

मामा रात्री उशिरापर्यंत जागे असतात. पाच मिनिटांत उत्तर: "अभिनंदन. कोर उत्तम. 'घेतला'वर अनुस्वार कशाला?"

मी चष्मा लावला आणि पाहिलं. होता.