पंपाबरोबरची पहिली रात्र

स्वादुपिंडाच्या कर्करोगावरची माझी केमो. सातवी सायकल, म्हणजे औषधाची सातवी फेरी, तिसरा दिवस. रात्री उशिरा.

दुपारी पंप निघाला. सिस्टरांनी पोर्टमधली, म्हणजे औषध देण्यासाठी छातीत त्वचेखाली बसवलेल्या डबीतली, सुई काढून वर कापूस दाबला आणि मला एकदम मोकळं वाटलं. ४६ तास ही पंपाची बाटली कमरेच्या पिशवीत असते. आत औषधाने भरलेला फुगा असतो. तो हळूहळू आक्रसतो आणि औषध नळीतून छातीतल्या पोर्टमध्ये उतरत राहतं. आवाज अजिबात होत नाही. पहिल्या सायकलच्या रात्री मी टॉर्च लावून तो फुगा बघत बसले होते, खरंच लहान होतोय की नाही म्हणून. फरक काही कळेना आणि झोप तर लागेचना.

"झोपताना एकदा आणि उठल्यावर एकदा बघायचं. मध्ये बघितलंत तर तो हलत नाही असंच वाटणार," असं मला डे केअरमधल्या शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी सांगितलं. ते माझ्याहून सहा सायकल पुढे होते.

थंडीचंही त्यांनीच समजावलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू आहे, थंड टाळा. मला वाटलं, सर्दी होऊ नये म्हणून सांगताहेत. संध्याकाळी घरी येऊन सवयीने फ्रीजमधली पाण्याची बाटली उचलली तर बोटांत सुया टोचल्यासारखं झालं. तरी घोट घेतलाच, आणि घसा असा आवळला की आता श्वास बंद होतो. यांनी गाडीची किल्ली हातात घेतली होती. पुढच्या खेपेला हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "बंद झाल्यासारखा वाटतो, पण घसा उघडाच असतो. कोमट पाणी तोंडात धरा, शांत बसा. पण डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला." आणि एक साधी युक्ती दिली, की फ्रीजच्या हँडललाच हातमोजे अडकवून ठेवायचे. तेव्हापासून आमच्या फ्रीजला लोकरीचे हातमोजे लटकलेले आहेत. सकाळी नळाला हात लावण्याआधीही तेच घालते.

काकांना स्टेंट होता, पित्ताची वाट उघडी ठेवणारी बारीक नळी. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असली की ती पित्ताची नळी दाबते, मग कावीळ, अंगाला खाज. ते म्हणायचे, स्टेंट असलेल्याला हुडहुडी भरून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. त्यांनी एकदा सकाळपर्यंत थांबून बघितलं होतं. मला स्टेंट नाही, तरी हे वहीत लिहून ठेवलंय.

पण माझं सगळ्यात मोठं काम झालं ते काकूंमुळे. तिसऱ्या सायकलपर्यंत माझं वजन घसरतच होतं. जेवत होते, पण अन्न अंगी लागत नव्हतं. मी मनाशी धरून चालले होते की आजार मला आतून खातोय, आता असंच होत जाणार. काकूंनी एक दिवस माझ्या मनगटाकडे बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "शौचाला तेलकट होतं का गं? फिकट, पाण्यावर तरंगणारं?" माझे कान गरम झाले. कारण तसंच होत होतं, महिनाभर, आणि मी यांनासुद्धा बोलले नव्हते, डॉक्टरांना तर नाहीच.

"एन्झाइमची कॅप्सूल कधी घेतेस?"

"जेवणानंतर. तासाभराने, बाकीच्या गोळ्यांबरोबर."

काकूंनी कपाळाला हात लावला. ती कॅप्सूल म्हणजे आपलं स्वादुपिंड जे पाचकरस सोडत नाही ते बाहेरून देणं. ते अन्नात मिसळलं तरच उपयोग. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण लांबलं तर काही पहिल्या घासाला आणि काही अर्ध्यावर. मधल्या वेळचं खाणं असलं तरी घ्यायची. गरम पेयाबरोबर नाही. पुढच्या भेटीत मी धीर करून डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी वेळ तीच सांगितली, डोस वाढवला आणि विचारलं, "हे आधी का नाही बोललात?" काय सांगणार? लाज वाटली म्हणून. दोन-तीन आठवड्यांत वजन थांबलं, आणि सहाव्या सायकलला काटा पाऊण किलो वर होता. त्या दिवशी वजनकाट्यावरून उतरताना मला रडू आलं. मी ज्याला शेवटाची सुरुवात समजत होते ते न पचलेलं जेवण होतं.

ऐकलेलं सगळंच माझ्या कामाचं असतं असं नाही. नातेवाईक स्टीव्ह जॉब्जचं उदाहरण देतात, २००३ मध्ये कळलं आणि २०११ पर्यंत जगले. सुरुवातीला मीही त्यावर दिवस काढले. पण त्यांची गाठ न्यूरोएंडोक्राइन प्रकारची होती, त्याच अवयवातला वेगळा आजार. ट्यूमर मार्करचंही तसंच. रक्ततपासणीत सीए १९-९ चा आकडा आला की मी दोन दिवस त्याच्याच तंद्रीत असायचे. मग एक गृहस्थ भेटले, गाठ वाढली तरी त्यांचा आकडा कायम नॉर्मल, कारण काही लोकांच्या शरीरात तो मार्कर तयारच होत नाही. आणि पित्त अडलं की गाठ न वाढताही आकडा चढतो. आता स्कॅन होईपर्यंत मी आकड्याशी बोलत नाही.

पाचव्या सायकलनंतर काका दिसले नाहीत. सिस्टरांना विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. काळजात धस्स झालं. त्या रात्री मी माझ्या औषधांचा अभ्यास काढून वाचला. २०११ मध्ये छापून आलेला, माझ्यासारख्या पसरलेल्या आजारावरचा: जगण्याचा मध्यक ११.१ महिने, जुन्या औषधावर ६.८. काका सहा सायकल पुढे होते, म्हणजे माझे इतके उरले, असा हिशेब मांडत बसले. पहाटे यांनी कागद हातातून घेतला आणि म्हणाले, मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याच्या पुढे गेलेत. मला ते माहीत होतं. तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. काकांची गाठ काकांची होती, तिचं माझ्याशी काही ठरलेलं नाही, हे मी अजून रोज स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही. हातमोजे मात्र त्यांचे आहेत असंच मी समजते.

आज त्यांच्या खुर्चीत एक नवी मुलगी होती, तिशीची असेल. पहिलीच सायकल. माझा पंप निघत होता तेव्हा तिचा लावत होते. आई शेजारी उभी, हातात पाण्याची थंडगार बाटली. मी आधी ती बाजूला ठेवायला लावली. मग हातमोज्यांचं सांगितलं, पुढून बटणं असलेला शर्ट घालायचं सांगितलं. आणि मग आवाज खाली आणून काकूंचा तो प्रश्न विचारला. ती लाजली, आईकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. "हे आजच डॉक्टरांना सांग," म्हटलं. तिने फाइलच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

आता साडेअकरा वाजलेत. तिचा फुगा अजून जवळजवळ भरलेलाच असेल. निघताना सांगून आले आहे, पिशवी उशीजवळ ठेव, नळी शर्टाच्या आतून घे आणि टॉर्च लांब ठेव.